करानंतरची दरी

श्रीमंतांवर चढे दर लावले की दरी बुजते, असे आपण सहज धरून चालतो. ती खरोखर किती बुजली, हे मोजायची रीत मात्र हळूहळू घडत गेली.

1905 साली अमेरिकेतल्या मॅक्स लोरेन्झने लोकसंख्या आणि संपत्तीतला तिचा वाटा एकाच आलेखावर मांडला. सगळ्यांना सारखे मिळाले तर सरळ रेषा, विषमता असेल तितका तिला बाक. इटलीच्या कोर्राडो जिनीने तो बाक एका आकड्यात आणला, त्यालाच आता ‘जिनी’ म्हणतात: 0 म्हणजे पूर्ण समता. पुढे 1948 मध्ये रिचर्ड मसग्रेव्ह आणि ब्रह्मदेशाचे टुन थिन यांनी करापूर्वीचा आणि करानंतरचा जिनी शेजारी ठेवून प्राप्तिकर तपासला.

खरी उकल केली ती नानक काकवानी यांनी, 1977 मध्ये. शिक्षण दिल्लीत, अध्यापन ऑस्ट्रेलियात. कराचा बोजा वरच्यांवर किती झुकला आहे आणि कर एकूण किती गोळा झाला, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. समजा, दोघांचेच गाव आहे. एकाची कमाई 20 रुपये, दुसऱ्याची 80. जिनी 0.30. दुसऱ्याकडून 10 रुपये घेतले की तो 0.278 वर येतो. एकच रुपया घेतला तर जेमतेम 0.298. बोजाचा झुकाव मोजणारा काकवानींचा निर्देशांक दोन्ही वेळा तोच, 0.20, कारण भार दोन्ही वेळा श्रीमंतावरच आहे; दरी मात्र दुसऱ्या खेपेला जवळपास होती तिथेच राहते.

आपल्याकडे 1973-74 मध्ये अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर 97.75 टक्के होता. त्या आकड्यावर समतेचे श्रेय देण्यापूर्वी तिजोरीत काय पडले ते पाहायलाच हवे, असे मला ठामपणे वाटते.

न्यायाचा आणखी एक पदर अँथनी अ‍ॅटकिन्सन आणि रॉबर्ट प्लॉटनिक यांनी 1980-81 च्या सुमारास उलगडला. करामुळे माणसांचा क्रम उलटला, तर तेवढे पुनर्वाटप वाया जाते. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. त्यामुळे 20 लाख पगाराचा नोकरदार कर भरून 19.5 लाख कमावणाऱ्या बागायतदाराच्या मागे पडतो. दर कितीही चढते ठेवले, तरी हा अन्याय त्या दरांच्या तक्त्यात दिसत नाही.