शब्दवेध : चादर

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबात ‘चादर’ म्हटलं की आधी आठवते ती सोलापुरी: जाड सुती, जॅकार्ड मागावर विणलेली. दर्ग्यावर चढवतात तीही चादरच.

शब्द फारसी. तिकडे ‘चादोर’ म्हणजे तंबू आणि बायकांनी डोक्यावरून पावलांपर्यंत घ्यायचं वस्त्रही. पारंपरिक चादोरला बाह्या नाहीत की बटणं नाहीत; हातानं धरूनच वावरायचं. 1936 साली इराणचा शहा रझाशहा यानं ते उतरवायला लावलं, 1979च्या क्रांतीनंतर डोकं झाकणं सक्तीचं झालं.

मराठीनं चादर पलंगावर अंथरली आणि अंगासाठी अरबी ‘बुरखा’ घेतला. त्यालाही वाक्प्रचारात संशयाचा वास लावला: बुरखा फाडणे, बुरख्याआड लपणे. झाकण्यातली ऐट त्यात उरलीच नाही. ती 2016 साली अमेरिकेतल्या हलिमा एडन या तरुणीनं दाखवली: मिस मिनेसोटा यूएसए स्पर्धेत हिजाब आणि बुर्किनी (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) घालून ती उतरली, पुढे रॅम्पवर झळकली.

आता हौसेनं मिरवायच्या अशाच अंगभर, सैल झग्याला ‘अबाया’ हा अरबी शब्द रुळतोय. त्याला अजून एकही वाक्प्रचार चिकटलेला नाही, हेच त्याचं भाग्य.