लडलोचा पडका किल्ला

इंग्लंडास जाणारा आपल्याकडील प्रवासी लंडनचा टॉवर पाहतो, शेक्सपियरच्या गांवीं जाऊन येतो, आणि त्या देशाचा इतिहास पाहिला असें समजतो. वेल्सच्या सीमेजवळ टीम नदीच्या कांठीं वसलेल्या लडलो या जुन्या बाजारगांवाकडे सहसा कोणी वळत नाहीं. वस्तुतः इंग्लंडचा धर्म ज्या तंट्यांत पालटला, त्याचें मूळ तेथील पडक्या किल्ल्यांत आहे.

अकराव्या शतकाच्या अखेरीस लेसी घराण्यानें बांधावयास घेतलेला हा किल्ला पुढें राजाकडे आला. १५०१ च्या नोव्हेंबरांत सातव्या हेन्रीचा वडील मुलगा आर्थर याचें स्पेनची राजकन्या कॅथरिन हिच्याशीं लग्न झालें, आणि तें कोंवळें जोडपें येथें राहावयास आलें. १५०२ च्या एप्रिलांत आर्थर वारला. वय अवघें पंधरा. देह वूस्टरच्या कॅथीड्रलांत पुरला. काळीज मात्र लडलोच्या सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्यें ठेवलें असें सांगतात. १५०९ सालीं कॅथरिननें धाकट्या दिराशीं, म्हणजे आठव्या हेन्रीशीं, लग्न केलें. पुढें मुलगा होईना तेव्हां भावाची बायको करणें हें पाप होय, असा शास्त्राधार त्या राजास आठवला! मग लडलोच्या त्या थोडक्या महिन्यांत पतिपत्नीसंबंध घडला होता कीं नाहीं, याचा खल १५२९ सालीं भर न्यायसभेंत झाला. नाहीं, असें कॅथरिन अखेरपर्यंत सांगत राहिली. पोपानें घटस्फोट दिला नाहीं, आणि १५३४ सालीं इंग्लंडनें रोमची सत्ता झुगारली. एका मुलाच्या मरणानें धर्मक्रांति झाली असें आम्ही म्हणणार नाहीं. ल्यूथरचीं मतें तत्पूर्वींच तेथें पोंचलीं होतीं. परंतु आर्थर जगता तर हा तंटा उद्भवताच ना.

याच किल्ल्याच्या दालनांत १६३४ सालीं मिल्टनचें ‘कोमस’ प्रथम झालें. तें शिकवितांना, त्या दालनावर आतां छप्पर नाहीं हें विद्यार्थ्यांस सांगावयास मी विसरत नाहीं. १६८९ सालीं वेल्सचा कारभार पाहणारी येथील कौन्सिल मोडली आणि किल्ला ओस पडत गेला. १८११ सालीं तो पाॅविसच्या अर्लनें विकत घेतला. हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड, टिपू पडला त्या वेळचा मद्रासचा गव्हर्नर. त्या घरांत पैसा कोठून आला हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

सवड असल्यास वायव्येस कांहीं मैलांवरील स्टोकसे अवश्य पाहावें. लॉरेन्स नांवाच्या लडलोच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानें बांधलेलें हें घर. त्यास तटबंदी करण्याची परवानगी त्याला १२९१ सालीं राजाकडून मिळाली. तीनच वर्षांनीं लोकरीच्या जहाजाबरोबर तो समुद्रांत बुडाला. १६४५ च्या यादवी युद्धांत येथील शिबंदीनें न लढतांच हत्यारें खालीं ठेवलीं. म्हणूनच लॉरेन्सच्या दिवाणखान्यावरचें लांकडी छप्पर अद्यापि जाग्यावर आहे.