जोड कोठे असावा?

मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीला निघण्याची अमेरिकेत जुनी प्रथा आहे. या घराला तेथे कॅम्पर किंवा ट्रेलर म्हणतात आणि मोटारीशी असलेल्या त्याच्या जोडाला हिच. हिच कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे आणि ते चुकले तर जिवावर बेतते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस विमाने बांधणारे ग्लेन कर्टिस यांनी ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर तयार केला. त्याचा जोड मोटारीच्या मागच्या आसाजवळ, आडव्या बसवलेल्या विमानाच्या टायरमध्ये होता. त्यामुळे ट्रेलरचा भार मागच्या चाकांवरच पडे. मात्र मोटारीतली जागा त्यात जाई. पुढे मोटारीच्या शेपटाला बसवलेला पोलादी गोळा सोयीचा म्हणून रूढ झाला आणि दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण उभ्या बलांची. समजा, मोटारीच्या दोन आसांत ३ मीटर अंतर आहे, गोळा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर ३०० किलो भार आहे. मागचा आस हा टेकू. ३०० × १.२ ÷ ३ = १२०. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार १२० किलोंनी घटतो आणि मागच्या चाकांवरचा ४२० किलोंनी वाढतो. ज्या चाकांनी गाडी वळवायची, तीच हलकी होतात!

यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकात भार वाटून देणारे हिच प्रचारात आले. त्यांत जोडापासून मागे दोन लवचीक पोलादी कांबी जातात. त्यांची टोके साखळ्यांनी वर ओढून ट्रेलरच्या सांगाड्याला अडकवतात. मग मोटार आणि ट्रेलर मिळून जणू एकच तुळई होते. ट्रेलरचा आस गोळ्यापासून ५ मीटर मागे असेल आणि पुढचा भार पूर्ववत होईपर्यंत कांबी ताणल्या, तर ३०० किलोंपैकी सुमारे २४२ मोटारीच्या मागच्या आसावर आणि ५८ ट्रेलरच्या आसावर जातात. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

दुसरी अडचण आडव्या बलांची. वाऱ्याच्या झोताने ट्रेलर गोळ्याभोवती डावीउजवीकडे झुलू लागतो. कमी वेगात टायरांचे बल हे झोके शमवते. वेग वाढतो तसा हा परिणाम क्षीण होतो आणि एका मर्यादेपुढे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. केवळ भार वाटल्याने हे थांबत नाही. त्यासाठी घर्षणाने झोके दाबणारी दांडी वेगळी जोडू लागले. १९९० च्या दशकात जिम हेन्स्ली यांच्या चार दुव्यांच्या हिचने निराळा मार्ग काढला. त्यात ट्रेलरचा वळण्याचा बिंदू गोळ्यापासून पुढे, मोटारीच्या मागच्या आसाकडे सरकतो. कर्टिस यांनी जोड जेथे ठेवला होता, साधारण तेथेच!

मग निवड कशी करावी? आधी सामान नीट रचावे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. ओझे मागे गेले की बैलगाडी उलाळ होते. ट्रेलर झुलू लागतो. नंतर गोळ्यावरचा भार मोजून त्याला साजेशा कांबी घ्याव्यात. त्या किती ताणायच्या, हे मोटारीच्या पुस्तिकेत पाहावे; फाजील ताणल्यास मागची चाके हलकी होऊन पकड गमावतात. झोके आवरणारी योजना या सर्वांनंतरची. चुकीच्या रचलेल्या ओझ्यावर कोणताही हिच हा उतारा नव्हे.