पाद्रोआदो–प्रोपागांडा वाद

पाद्रोआदो–प्रोपागांडा वाद : भारतातील कॅथलिक ख्रिस्ती लोकांवर धार्मिक हुकमत कोणाची, पोर्तुगालच्या राजाने निवडलेल्या बिशपांची की पोपने थेट रोमहून पाठवलेल्या प्रतिनिधींची, यावरून सतराव्या शतकापासून १९५० पर्यंत कमीअधिक तीव्रतेने चाललेला झगडा. मद्रासपासून बंगालपर्यंत त्याची झळ पोहोचली. पण तो सर्वाधिक चिघळला मुंबई, माहीम, वांद्रे आणि साष्टी या भागांत. दोन्ही पक्षांची श्रद्धा एक, मिस्सा लॅटिनच, संतही तेच. त्यामुळे आपले जुने, खरे चर्च कोणते हे ठरवताना भाविकाला एकच खूण उरत असे : वेदीवर उभ्या असलेल्या पाद्रीला नेमले कोणी?

पाद्रोआदो म्हणजे पोपने पोर्तुगीज राजाला दिलेला आश्रयाधिकार. नव्या मुलखात चर्च बांधायची, पाद्रींचा खर्च उचलायचा आणि मोबदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवायचे, असा हा व्यवहार. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये निर्माण झाला आणि १५५७ मध्ये त्याला आर्चबिशपचा दर्जा मिळाला. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, तरी हक्क मात्र सुटेना. जिथे पोर्तुगीज शिपाई कधी पोहोचला नाही तिथेही बिशप नेमण्याचा अधिकार आपलाच, असे लिस्बन म्हणत राहिले. म्हणून पंधराव्या ग्रेगरी पोपने १६२२ मध्ये धर्मप्रसाराचे मध्यवर्ती खाते, प्रोपागांडा फिदे, स्थापन केले. या खात्याचे ‘व्हिकार अपोस्टोलिक’ पोपच्या नावाने कारभार पाहत. त्यांच्या नावापुढे कुठल्या तरी नामशेष झालेल्या प्राचीन नगराची बिशपकी असे, त्यामुळे कागदोपत्री राजाच्या हक्काला धक्का लागत नसे. युक्ती चलाख होती, पण पोर्तुगीज तिला फसले नाहीत.

या मालिकेतला एक आरंभीचा व्हिकार गोव्यातलाच होता. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातल्या मातेउश द काश्त्रू यांना गोव्याच्या आर्चबिशपने पाद्रीपदाची दीक्षा नाकारली. ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप होऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी परतले. त्यांचा मुक्काम डिचोलीत असे. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. वादाच्या इतिहासात ही बाब अनेकदा तळटिपेत ढकलली जाते. पण देशी माणसाला वरचे पद द्यायचे की नाही, हा प्रश्न या भांडणात पहिल्यापासून गुंतलेला होता.

मुंबईत वादाला तिसरा धनी मिळाला : ईस्ट इंडिया कंपनी. गोव्याशी निष्ठा असलेले फ्रान्सिस्कन पाद्री तिला धोक्याचे वाटू लागले. १७२० मध्ये त्यांना बेटाबाहेर काढून कंपनीने चर्चे व्हिकार अपोस्टोलिकच्या हाताखालील कार्मेलाइट पाद्रींकडे सोपवली. १७८९ मध्ये ती पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपला मिळाली, तर दुसरा गट बिथरला. अखेर १७९४ पर्यंत वाटणी झाली : माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्व्हासाव गोव्याकडे, काळबादेवीजवळचे एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल व्हिकारकडे. प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांच्या मंडळाने कॅथलिकांचे धर्माधिकारी वाटून द्यावेत, यातली गंमत त्या काळात फारशी कोणाला सुचलेली दिसत नाही.

भाविकांसाठी हा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता. कॅथलिक शिकवणुकीनुसार दीक्षा वेगळी आणि अधिकारक्षेत्र वेगळे. रीतसर दीक्षा झालेल्या पाद्रीने केलेली मिस्सा खरीच असते. पण पापनिवेदन ऐकून क्षमा करायला त्याला योग्य बिशपची परवानगी लागते. लग्नाचे तर आणखी कठीण. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवले की, जिथे हा नियम जाहीर झाला आहे तिथे विवाह आपल्या धर्मग्रामाच्या पाद्रीसमोर किंवा त्याच्या अनुमतीनेच झाला पाहिजे. मग आपला पाद्री कोणता, हेच वादात असेल तर? एका पक्षाने लावलेले लग्न दुसऱ्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरे.

पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले आणि रोमशी संबंध तुटले. सोळाव्या ग्रेगरी पोपने १८३८ च्या आज्ञापत्राने ब्रिटिश मुलखातले पाद्रोआदोचे अधिकार काढून घेतले. गोवेकर पाद्रींनी ते मानले नाही; राजाची संमती नसलेला आदेश बंधनकारक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोमने त्यांना फुटीर ठरवले. स्वतःला ते मुळीच फुटीर समजत नव्हते, उलट तीन शतकांची घडी आपणच राखतो आहोत अशी त्यांची भावना होती.

कडेलोट १८५३ मध्ये माहीमला झाला. सेंट मायकलच्या भाविकांपैकी बऱ्याच जणांना पुन्हा गोव्याकडे जायचे होते. ते टाळण्यासाठी व्हिकार अपोस्टोलिक अनास्तासिउस हार्टमान स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले. प्राण देईन, चर्च देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बाहेर लोकांनी वेढा घातला. पंधरा दिवसांनी आतली रसद संपली, सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च पाद्रोआदोकडे गेले. व्हिकारच्या अनुयायांनी जवळच वेगळे प्रार्थनास्थळ उभारले, तेच पुढे व्हिक्टोरिया चर्च झाले. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू आणि सेंट पीटर या शेजारी चर्चांमागेही हीच फूट आहे.

१८८६ च्या करारान्वये मुंबईला प्रोपागांडाखालचा आर्चबिशप मिळाला, तर साष्टी–वसईची जुनी चर्चे पाद्रोआदोच्या नव्या दमण धर्मप्रांतात गेली. मुंबई बेटावर मात्र दुहेरी अंमल कायम राहिला. एकाच गल्लीतल्या दोन कुटुंबांचे बिशप वेगळे, कारण एकाचे मूळ गोव्यातले. स्थानिक मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना काढली. त्यामागे नोकऱ्यांतली स्पर्धा होतीच, शिवाय आपण गोवेकर नाही हे सरकारदरबारी ठसवण्याची गरजही होती.

याच करारावर चिडून गोव्याचे पाद्री आंतोनियू फ्रान्सिस्कू शाव्हिएर आल्व्हारिश यांनी तिसरी वाट धरली. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टायममध्ये त्यांना सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि ते मार युलिउस झाले. उपासना त्यांनी लॅटिन पद्धतीचीच ठेवली, अधिकार मात्र अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचा मान्य केला. कर्नाटकातल्या ब्रह्मावर येथे या परंपरेचा छोटा समाज अजून आहे.

१९२८ च्या कराराने दुहेरी अंमल संपला. दमण धर्मप्रांत मोडला आणि त्याचा ब्रिटिश हद्दीतला भाग मुंबईला जोडला गेला. मात्र आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, अशी अट पडली. तीनुसार जुआकिम लिमा आले आणि १९३७ मध्ये टॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी ही पाळी मोडायचे ठरवले. वालेरियन ग्रेशियस यांना १९४६ मध्ये साहाय्यक बिशप नेमवून घेतले, कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः भारताबाहेर राहू लागले. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतीय प्रजासत्ताकातले नियुक्तीचे हक्क सोडले आणि त्याच वर्षी ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनलही झाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा निघाला. गोव्याच्या आर्चबिशपला १८८६ मध्ये समजुतीखातर मिळालेला ‘पूर्वेकडील इंडीजचा पॅट्रिआर्क’ हा किताब आजही त्या पदाबरोबर चालत आला आहे.