सुरतेच्या कबरी : आपल्या इतिहासाची पलीकडची बाजू

सुरत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? साड्या, हिरे, लोचो... आणि शाळेच्या पुस्तकातली 'सुरतेची लूट', बरोबर ना? आज आपण त्याच लुटीच्या गोष्टीतल्या एका माणसाच्या कबरीपाशी जाणार आहोत.

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. मी आत गेलो आणि पहिला विचार आला, आपण चुकून एखाद्या दर्ग्यात तर नाही ना शिरलो? घुमट, कमानी, जाडजूड खांब. क्रूस आणि पंखवाल्या देवदूतांची मी वाट बघत होतो, आणि समोर हे.

यातली सगळ्यात भव्य वास्तू ऑक्सेंडन भावांची. जॉर्ज ऑक्सेंडन हा इंग्रज वखारीचा प्रमुख. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन लपला. ऑक्सेंडननं मात्र खंडणी द्यायला नकार दिला, माणसं हत्यारबंद केली आणि वखार राखली. औरंगजेबानं खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. पुढे 1668 मध्ये मुंबई कंपनीच्या ताब्यात आली, तिचा कंपनीतर्फे पहिला गव्हर्नरही हाच. 1669 मध्ये तो सुरतेतच वारला.

त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षं आधी, 1659 मध्ये गेला होता. त्याचा लॅटिन लेख वाचून मी थक्क झालो, कारण तो चक्क हिशेबाच्या वहीच्या भाषेत आहे! मतलब असा, की याला खात्यावर दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालकांचा नोकर गेला, सोबत्यांचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो, की मरण हाच नफा. व्यापाऱ्याचं दुःखसुद्धा जमाखर्चातच!

मग डचांनी काय केलं? त्यांच्या दफनभूमीत हेन्ड्रिक व्हॅन रीडे याची दोन मजली, घुमटाची प्रचंड कबर उभी राहिली. हा 1691 मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावरच वारला. कबरी बघताना स्पर्धा सरळ जाणवते. तेव्हा सुरत हे मोगलांचं मोठं बंदर. इथं मान हवा तर इथल्यासारखं दिसायला हवं. म्हणून परदेशी व्यापारी मेल्यावरही मोगल उमरावासारखे झोपले.

आता खरी गंमत. या व्हॅन रीडेनं मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलाबारिकुस' नावाचा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्यात मदत करणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही. या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्याच खंडात, नागरी लिपीत छापलंय. ॲमस्टरडॅममध्ये, 1678 साली! त्यांच्या कबरी, समाध्या कुठं आहेत? मला कुठंच दिसल्या नाहीत. साहेबाचा घुमट तेवढा उभा आहे.

खरं सांगू? ऑक्सेंडनच्या कबरीपाशी मी जरा अवघडलो होतो. लहानपणापासून आपण ही गोष्ट एकाच बाजूनं ऐकलेली. पण तिथं उभं राहिल्यावर महाराज लहान होत नाहीत. उलट कळतं, की 1664 चा तो धक्का केवढा मोठा होता. एक वखार वाचवली, एवढ्यावर माणूस बादशहाच्या नजरेत भरतो!

भिंतींवर कुणीकुणी बदाम आणि आपली नावं खरडून ठेवली आहेत. प्लीज, तुम्ही गेलात तर तेवढं करू नका. फोटो काढा, घुमटाखाली दोन मिनिटं शांत बसा. शत्रूची कबर नीट वाचली, तर आपलाच इतिहास जास्त कळतो.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!