पँथर भेटले त्या कॉलेजात फी नव्हती

दलित पँथरचा इतिहास सांगताना आपण १९७२ पासून सुरुवात करतो, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा एका वाक्यात उल्लेख करतो आणि पुढे जातो. आज आम्हाला त्या एका वाक्यापाशी थांबायचे आहे.

ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात उभी राहिली. तिचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील एकमेकांना भेटले ते तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात. कॉलेजाचे नाव मेरिट. (होय, मेरिटच. ज्या शब्दाने आपल्या पोरांना आयुष्यभर टोचले जाते, तोच उच्चार. तिथे ते आडनाव आहे, एवढाच फरक.) कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज. गुणांची चाळणी नाही, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, आणि शेवटी एक तर हाताला काम नाहीतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश. त्या काळी कॅलिफोर्नियात या कॉलेजांना शिक्षण शुल्कच नव्हते. कष्टकरी घरांतली दोन काळी पोरे उत्पन्नाचा दाखला न जोडता वर्गात बसली, आमचा इतिहास शिकवा म्हणून भांडली. त्या भांडणातून जे निघाले त्याची धग सहा वर्षांत मुंबईच्या झोपडपट्ट्यांपर्यंत आली.

मग ते फुकट शिक्षण गेले कुठे? हा प्रश्न आपलाही आहे, म्हणून थोडे मागे जाऊ.

१९४४ साली जगाच्या दोन टोकांना दोन योजना सुरू झाल्या. आपल्याकडची सर्वांना माहीत असायला हवी, पण नसते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार दरसाल अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा का नाही, असा रोखठोक सवाल त्यात होता. त्यातून १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली.

त्याच वर्षी, २२ जूनला, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, शिवाय एकट्या सैनिकाला महिना ५० डॉलर जगण्यासाठी. वीस लाखांहून जास्त सैनिक या पैशावर कॉलेजात गेले. त्यांना कुणी सरकारी जावई म्हटले नाही. कागदावर कायदा रंग पाहत नव्हता, पण अंमलबजावणी राज्यांच्या आणि स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात राहील, याची व्यवस्था मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन यांच्यासारख्यांनी करून ठेवली होती. दक्षिणेतली गोरी विद्यापीठे काळ्यांना घेत नव्हती आणि काळ्यांच्या मोजक्या कॉलेजांत जागा नव्हत्या. हक्क होता, पैसा होता, पण दारावर तोच जुना माणूस उभा होता.

१९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने बारावीनंतरची दोन वर्षे सगळ्यांना मोफत करा आणि गावोगावी कम्युनिटी कॉलेजे काढा अशी शिफारस केली. कॉलेजे निघाली, मोफतचे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले. १९६५ च्या कायद्याने गरीब विद्यार्थ्यांना केंद्राचे अनुदान मिळू लागले, पण ते कॉलेजांमार्फत. १९७२ मध्ये ते थेट विद्यार्थ्याच्या नावाने मिळू लागले, आणि दोन वर्षांच्या कॉलेजातली पोरेही त्यात आली. हेच आजचे पेल अनुदान. ते कर्ज नाही, परत करावे लागत नाही. २०२४-२५ साठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती.

खरी गोष्ट न्यूयॉर्कची आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हार्लेममध्ये सिटी कॉलेज आहे. १८४७ पासून तिथे फी नव्हती. पण हार्लेम काळ्यांचे आणि कॉलेज बहुतांश गोऱ्यांचे! एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजाचा एक भाग ताब्यात घेतला. १९७० पासून शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पास मुलाला शहराच्या विद्यापीठात, म्हणजे त्याच्या कम्युनिटी कॉलेजांतही, जागा देणे भाग पडले. वर्गांचा रंग बदलला. आणि १९७६ मध्ये फी लागू झाली.

१२९ वर्षे फुकट चालले, आणि आपल्यासारखी पोरे आल्यावर सहा वर्षांत परवडेनासे झाले. शहराची तिजोरी तेव्हा रिकामी होती हे खरे आहे, ते आम्ही लपवत नाही. पण रिकाम्या तिजोरीचा पहिला हप्ता कुणाच्या ताटातून जातो, हे पाहायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही. त्याच वर्षी साउथ ब्राँक्समधले होस्टोस हे कम्युनिटी कॉलेज दुसऱ्यात विलीन करण्याचा घाट घातला गेला. विद्यार्थी आणि शिक्षक इमारतीत ठाण मांडून बसले, कॉलेज वाचले. ते आजही चालू आहे.

कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये सत्राला ५० डॉलर फी आली, आणि सोबतच गरिबांना फीमाफी. ऐकायला न्याय्य वाटते. पण माफी आली की अर्ज येतो, अर्ज आला की पुरावा येतो, आणि गरिबी सिद्ध करण्याचे काम गरिबाच्याच गळ्यात पडते. केंद्राच्या मदतीचा नवा अर्ज २०२३ च्या डिसेंबरअखेर आला, तोही बिघाडांसह. कॉलेजांचे निर्णय महिनोन्महिने अडकले. श्रीमंताच्या पोराला वाट पाहावी लागली नाही.

टेनेसी राज्याने २०१५ पासून कम्युनिटी कॉलेज पुन्हा मोफत केले, त्याचा गाजावाजा झाला. पण त्यात राज्य फक्त पेल वजा जाता उरलेली फी भरते. सर्वांत गरिबाची फी पेलमध्येच भागते, म्हणून राज्याकडून त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. खोलीभाडे, बस, जेवण तसेच राहते. वर दर सत्राला आठ तास समाजसेवेची अट. आम्हाला बडोद्याचा करार आठवला. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीबद्दल कृतज्ञता आहेच, पण तिच्यासोबत दहा वर्षे संस्थानच्या नोकरीची अट होती. त्या अटीपायी बडोद्यात बाबासाहेबांना राहायला घर मिळेना, हेही आपल्याला पाठ आहे.

म्हणून मोफत फी की शिष्यवृत्ती हा वादच आम्हाला खोटा वाटतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोट आणि पुस्तक वेगळे करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाह भत्ता आहे तो याचसाठी. आणि आज चर्चा फक्त फीची होते, भत्त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा पहिल्या वर्षाचा भत्ता ती दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आल्यावर जमा झाला. मधल्या काळात तिने एका दुकानात काम केले. कॉलेजने फी थकली म्हणून निकाल अडवला, तेव्हा आम्ही चार जण जाऊन बसलो. निकाल मिळाला. तिच्यासोबतच्या दोघांनी तोवर कॉलेज सोडले होते, आणि ते कुठल्याच यादीत दिसणार नाहीत, कारण त्यांचा अर्ज मंजूर आहे.

यंदा जूनपासून दर रविवारी सकाळी दहाला आम्ही विहारात अर्ज भरायला बसतो. जातीचा दाखला, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक पासबुक आणि गेल्या वर्षीची गुणपत्रिका सोबत आणा. सोबत आणखी एक कागद आम्ही प्रत्येकाकडून भरून घेतो. त्यावर तीनच रकाने आहेत: अर्ज कधी केला, पैसे कधी आले, मधल्या दिवसांत खर्च कसा भागवला. डिसेंबरमध्ये हे कागद घेऊन समाजकल्याण कार्यालयात जायचे आहे.