तापाच्या मुलखांतील मूक व्याधि

चांद्याच्या नैर्ऋत्येस गडचांदूर, पूर्वेस गडचिरोली. या रानमुलखाचें नांव निघतांच पूर्वीं हिंवतापाचें स्मरण होई. रानांत राबणाऱ्या माणसास रक्तदाब, पक्षाघात या शहरी व्याधि कशा जडणार, असा सर्वसाधारण समज होता.

हा समज मोजणीनें मोडला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें २०११ ते २०१३ या काळांत गडचिरोलीच्या ८६ खेड्यांतील मृत्यूंचीं कारणें घरोघर विचारून नोंदविलीं. १,५९९ मृत्यूंपैकीं २२९ पक्षाघातानें झालेले आढळले. दुसऱ्या कोणत्याहि एका कारणाचा आंकडा इतका नव्हता.

परंतु मृत्यूची नोंद ही उशिराची नोंद. रोगाआधीं त्याचीं कारणें मोजावीं, हा विचार अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं १९४८ सालीं सुरू झालेल्या पाहणीनें रूढ केला. भारतानें २०१७-१८ सालीं १८ ते ६९ वर्षांच्या स्त्रीपुरुषांची देशव्यापी पाहणी केली: प्रथम संवयी विचारल्या, मग वजन व रक्तदाब मोजला, शेवटीं रक्तांतील साखर तपासली. शेंकडा २८.५ जणांचा रक्तदाब वाढलेला व शेंकडा ३२.८ जण तंबाखू सेवन करणारे निघाले.

राष्ट्राच्या सरासरींत खर्रा चघळणारें एखादें खेडें मात्र दिसत नाहीं. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं. म्हणून रोगी दवाखान्याची वाट धरीत नाहीं. गडचांदूरची सिमेंट-कामगारांची वस्ती असो वा गडचिरोलीचा टोला, मोजणाऱ्यानेंच त्याचें दार गांठलें पाहिजे.